चार्म सुटे करावेत की ब्रेसलेट तसंच ठेवावं?

वाचकाचं पत्र

ताई,
मी इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला राहते. इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, मला चांदीचं जुनं चार्म ब्रेसलेट मिळालं. जाड कड्यांची साखळी, बदामाच्या आकाराचं छोटं कुलूप आणि साखळीला लटकलेले चौदा चार्म, म्हणजे इवल्या इवल्या आकृती. उघडणारं चर्च, २१ आकडा असलेली किल्ली, पारदर्शक डबीत घडी घातलेली नोट, रंगीत ढाल, अंग हलवणारा मासा, चरखा, एक बारीक नाणं, असं काय काय. तेव्हापासून मला वेडच लागलंय, रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन लिलाव बघत बसते. पण निम्म्या चार्मवर कसलाच शिक्का नाही. ते चांदीचे समजायचे का? नवरा म्हणतो, सगळे सुटे कर, आवडतील ते ठेव, बाकीचे विकून टाक. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, कुणाच्या अंगावरचं कुणास ठाऊक, वितळवून त्याचं निरांजन कर. टूथपेस्टने घासलं तर चालेल का? आणि एका अमेरिकन विक्रेत्याकडे '१९५०च्या दशकातला' म्हणून टेलिफोनच्या आकाराचा एक चार्म आहे, मागे फक्त '९२५' लिहिलंय. बोली लावू का?
— एक वाचक

उत्तर

निरांजन नको आणि सुटे चार्मही नकोत. हे दोन निकाल आधी देऊन टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच उडवून लावू नका. आपल्याकडे चांदी ही फिरती वस्तू. आजीचे तोडे मोडून आईचं ताट, ताटाची मोड देऊन नातवाचे वाळे. सराफ वजन करतो, घट कापतो, मजुरी लावतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या हिशेबाने तुमचं ब्रेसलेट म्हणजे पाच-सहा भार चांदी, विषय संपला. पण चार्मच्या बाबतीत चांदीचं मोल सगळ्यात कमी असतं. एकेक चार्म दोन-तीन ग्रॅमचा, म्हणजे पाव तोळ्याच्या आसपास. पैसे पडतात ते ठशाच्या कामाला, त्या इवल्या बिजागरीला, आणि वस्तू आजवर टिकली याला. १९७९च्या अखेरीस अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी भडकली आणि १९८०च्या जानेवारीत औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली. त्या काळात घरोघरचे चमचे, ट्रे, ब्रेसलेटं किलोवर भट्टीत गेली. तुमचं त्यातून सुटलंय, ते आता निरांजनासाठी कशाला बळी द्यायचं?

'कुणाच्या अंगावरचं' हे मनाला खरंच खटकत असेल तर घालू नका, पेटीत ठेवा. चार्म जमवणारे पुष्कळ लोक ते कधी मनगटावर चढवतच नाहीत. चौदा चार्म लटकत असताना स्वेटरची बाही धड राहत नाही, हेही एक कारण आहे.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे. तुम्ही दिलेली यादी मी दोनदा वाचली. २१ची किल्ली ही सज्ञान झाल्याची भेट. ब्रिटनमध्ये सज्ञान होण्याचं वय १ जानेवारी १९७० पासून १८ झालं, त्याआधी ते २१ होतं, आणि एकविसाव्या वाढदिवसाला घराची किल्ली देण्याची रीत होती. उघडणाऱ्या चर्चमध्ये आत बघा, बहुतेक नवरानवरी उभे असतील. तो लग्नातला किंवा लग्नानंतरचा चार्म. डबीतली नोट अडीअडचणीला म्हणून. तिचा रंग तुम्ही लिहिला नाहीत. तांबूस तपकिरी असेल तर ती दहा शिलिंगांची, आणि ती नोट नोव्हेंबर १९७० मध्ये चलनातून गेली. हिरवी असेल तर एक पौंडाची. रंगीत ढाल ही प्रवासाची खूण, आल्प्सकडच्या गावांत अशा मीना केलेल्या ढाली पर्यटकांसाठी ढिगाने बनत. १९६६ ते १९७० या काळात ब्रिटिश माणसाला परदेशी सहलीसाठी ५० पौंडांच्या वर परकीय चलन मिळत नव्हतं. त्या बजेटात घरी आणायला नखाएवढी ढाल सोयीची.

हे चौदा चार्म एका बाईने किंवा तिच्या माणसांनी वर्षानुवर्षं एकेक करून अडकवलेले आहेत. सुटे केलेत की उरतं काय? एक किल्ली, एक चर्च, एक ढाल. अशा सुट्या वस्तू तुम्हाला कुठल्याही रविवारच्या बाजारात ट्रेमध्ये सांडलेल्या मिळतील. सबंध ब्रेसलेट, मूळ क्रमासह, हे दुर्मिळ होत चाललंय. विक्रेते फोडून विकतात, त्यात त्यांना जास्त मिळतं, त्यांचा तो धंदा आहे. तुम्ही कशाला त्यांची री ओढता? ब्रेसलेट टेबलावर सरळ पसरा, कुलपापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कागदावर क्रम लिहा, प्रत्येकाची पाठ भिंगातून बघून जे दिसेल ते नोंदवा. मग तुमचा स्वतःचा संग्रह वेगळ्या साखळीवर सुरू करा. एक साधी जाड कडीची साखळी घ्या आणि तुमचे चार्म तिच्यावर चढवा. या जुन्या साखळीत भर घालायची नाही की उणं करायचं नाही.

शिक्क्यांचं बघू. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. शुद्ध चांदी फार मऊ, असल्या बारीक कामाला टिकत नाही. तुमचं बदामाचं कुलूप भिंगाखाली धरा. इंग्रजी असेल तर चार खुणा शोधा: करणाऱ्याची आद्याक्षरं, एक पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंगची हमी, शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर, लंडनची बिबट्याचं तोंड, शेफील्डची आधी मुकुट आणि १९७५ पासून गुलाब. समुद्र मैलोगणती दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर का, तर १७७३ साली शहराला चांदी तपासून शिक्का मारणारी स्वतःची कचेरी मिळावी म्हणून तिथला कारखानदार मॅथ्यू बोल्टन खटपट करत होता तेव्हा बैठका लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' (मुकुट आणि नांगर) नावाच्या खानावळीत व्हायच्या आणि त्यातला मुकुट शेफील्डने घेतला, नांगर बर्मिंगहॅमने, असं सांगतात. दंतकथा असेल, पण गोड आहे.

वर्षाच्या अक्षराने फसू नका. तेच अक्षर काही वर्षांनी पुन्हा येतं, बदलते ती अक्षराची वळणं आणि भोवतीच्या चौकटीचा आकार. तक्ता समोर ठेवून दोन्ही जुळवा. १९७५च्या आधी बर्मिंगहॅमचं अक्षर वर्षाच्या मध्यात बदलायचं, म्हणून एका अक्षरात दोन सालं येतात. आणि कुलपावरचं साल हे कुलपाचं साल. साखळीच्या प्रत्येक कडीवर बारीक सिंह असला तरी त्याने चार्मची हमी मिळत नाही.

निम्म्या चार्मवर शिक्का नाही याने घाबरू नका. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमच्या खालच्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. हा चमत्कारिक आकडा म्हणजे जुन्या मापातले ५ पेनीवेट, आणि बारीक चांदीला दिलेली ही सूट हॉलमार्कच्या १९७३च्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. तीन ग्रॅमच्या चार्मसाठी शिक्क्याचा खर्च कोण करणार? म्हणून इंग्रजी चार्मवर बरेचदा नुसतं 'सिल्व्हर' असतं किंवा काहीच नसतं.

आणि शिक्का आहे म्हणून सगळं स्टर्लिंग असंही नाही. तुमच्या ढालीच्या पाठीवर बहुधा ८०० किंवा ८३५ असेल. ती खरी चांदी, पण स्टर्लिंगच्या खालची, आल्प्सकडच्या देशांत तीच रूढ होती. नाणं जर तीन पेन्सचं असेल तर साल बघा. १९१९ पर्यंतची ब्रिटिश चांदीची नाणी स्टर्लिंगची, १९२० पासून त्यांत निम्मीच चांदी. म्हणून काही ती काढून फेकायची नसतात.

बिनशिक्क्याच्या चार्मची परीक्षा घरी किती होते? लोहचुंबकाने फक्त पोलाद उघडं पडतं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्यातून आरामात पास होतात. आपल्याकडच्या जुन्या तबकांमुळे जर्मन सिल्व्हर तुम्हाला माहीत असेलच, त्यात चांदीचा कणही नसतो. पाण्यात बुडवून घनता काढायची रीत चांगली आहे: स्टर्लिंगची साडेदहाच्या किंचित खाली येते, पितळेची साडेआठच्या आसपास. पण दोन ग्रॅमच्या वस्तूला मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो, आणि पोकळ चार्म आत हवा धरून बसतो, म्हणजे उत्तर चुकणारच. कसोटीच्या दगडावर घासणं आणि ॲसिडचा थेंब हे सराफाचं काम, त्यात चार्मचा थोडा भाग जातो. त्यापेक्षा क्ष-किरणांवर चालणारं यंत्र असलेला जवाहिऱ्या गाठा. न घासता, न कापता क्षणात धातू सांगतो. मात्र ते यंत्र वरचा थरच वाचतं, मुलामा जाड असेल तर त्यालाच चांदी म्हणेल, म्हणून झिजलेल्या कडेवर धरायला सांगा.

वुल्व्हरहॅम्प्टनहून बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टर या दागिने घडवणाऱ्यांच्या पेठेला ट्राम थेट जाते, त्याच नावाचा थांबा आहे. तिथे स्मिथ अँड पेपर या जुन्या कारखान्याचं संग्रहालय झालंय. कारखाना १९८१ मध्ये बंद झाला तेव्हा हत्यारं, टेबलं, कपाटं होती तशीच राहिली. ते सोन्याचं काम करायचे, पण पोलादी ठसे आणि पत्र्यावर ते दाबणारी यंत्रं बघितलीत की चार्मकडे बघायची नजरच बदलते. जुना चांगला चार्म बहुतेकदा असा ठशाने दाबलेला, दोन अर्धी टरफलं जोडून केलेला असतो. कडेला डाखाची रेघ शोधा. नकली चार्म जुन्यावरून साचा काढून ओतलेले असतात. त्यांत बारकावे विरघळल्यासारखे दिसतात, माशाचे खवले एकमेकांत मिसळतात, खोलगट जागी सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात.

मी शिक्क्याच्या आधी झीज बघते. खऱ्या वापरातल्या चार्मची वरची कडी आतून एका बाजूला झिजून पातळ झालेली असते, तिचं भोक गोल न राहता लांबट होतं. चार्मच्या पोटावर शेजाऱ्याने घासल्याची गुळगुळीत जागा सापडते, आणि ती नेमकी शेजाऱ्याच्या टोकासमोर येते. तुमच्या चरख्याच्या एका बाजूचे आरे दुसऱ्या बाजूपेक्षा गुळगुळीत आहेत का बघा. ही झीज नकली करणं अवघड, आणि दोन पौंडांच्या फायद्यासाठी कुणी करत बसत नाही.

टूथपेस्टला हात लावू नका. टूथपेस्ट, रांगोळी, भस्म ही सगळी घासणारी द्रव्यं. समईला, ताटाला चालतात, चार्मवरची रेघ न् रेघ खातात. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला पातळ थर. ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा ही युक्ती तुम्ही बघितली असेल. साध्या भरीव चार्मला ती चालते, घासावंही लागत नाही. पण मीना असलेली ढाल, नोटेची डबी आणि बिजागरीवाले चार्म त्यात बुडवायचे नाहीत. पाणी आत राहतं, नोट भिजते. शिवाय खाचांतला काळेपणा मुळात मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानेच चेहरे, खिडक्या, पिसं उठून दिसतात. सगळं पांढरंधोप केलंत तर चर्चच्या दाराची चौकटसुद्धा दिसणार नाही. चांदी पुसायचं मऊ कापड घ्या, वरवर फिरवा, पुरे. ठेवताना झिपच्या लहान पिशव्या वापरा. रबरबँड आणि लोकरी कापड जवळ नको, दोन्हींत गंधक असतं.

कड्या तपासा. नुसत्या दाबून बंद केलेल्या असतील तर एक दिवस मासा ट्रामच्या सीटखाली जाईल. सोनाराकडे डाख लावून घ्या, पण ढाल आणि नोटेची डबी वगळून. ज्योतीच्या उष्णतेने मीना तडकतो आणि डबीचं पारदर्शक झाकण वितळतं. या दोघांना किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची बारीक कडी घाला, किंवा लेसरने जोडणारा कारागीर शोधा.

आता जमवायचं काय? दिसेल ते घ्याल तर वर्षभरात डबाभर किल्ल्या आणि बदाम साठतील. एक धागा पकडा. समुद्रकाठच्या गावांचे चार्म जमवणारे आहेत, फक्त शिवणकामाचे जमवणारे आहेत. मला विचाराल तर मी उघडणारे आणि हलणारे घ्या म्हणेन. १९५० ते १९७० च्या दशकांत इंग्रजी कारागिरांनी यात कमाल केली आहे. बूट उघडला की आत म्हातारी आणि पोरं, भटक्यांची घोडागाडी उघडली की आत भविष्य सांगणारी बाई, अंडं उघडलं की पिल्लू, बायबलमधल्या नोहाच्या नौकेत जनावरांची जोडी. घेताना बिजागरीची पिन बघा. दार सैल झालंय का, मिटल्यावर कडा जुळतात का, आतली आकृती डुगडुगते का. आतलं माणूस हरवलेलं चर्च अर्ध्या किमतीतही घेऊ नका, तो माणूस पुन्हा मिळत नाही.

अमेरिकन चार्मची जातकुळी वेगळी. तिथे मुलाच्या किंवा मुलीच्या चेहऱ्याची एका बाजूने दिसणारी, पत्र्यातून कापलेली आकृती, तिच्यावर नाव आणि जन्मतारीख कोरलेली, पदवीची टोपी, शाळेचं चिन्ह. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या ब्रेसलेटवर नवऱ्याच्या कारकिर्दीतले टप्पे लटकलेले होते. माल बनायचा मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोला आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला. ॲटलबरोचे वेल्स, प्रॉव्हिडन्सचे ब्यू आणि डेनक्राफ्ट, न्यूयॉर्कचे वॉल्टर लॅम्पल ही नावं लक्षात ठेवा. कोरलेल्या नावामुळे भाव पडतो. मला स्वतःला नावाचे जास्त आवडतात, आणि स्वस्त मिळतात हा त्यावर बोनस.

आता तुमचा टेलिफोन. त्या काळच्या अमेरिकन चार्मवर 'स्टर्लिंग' हा शब्द रोमन अक्षरांत सबंध उठवलेला असतो. नुसता ९२५ हा आकडा मेक्सिकोच्या किंवा नॉर्वेच्या जुन्या मालावर दिसेल, अमेरिकन टेलिफोनवर तो बहुधा अलीकडचा. आणखी एक खूण सांगते. सोन्याचांदीच्या शिक्क्यांबद्दलच्या १९०६च्या अमेरिकन कायद्यात १९६१ साली दुरुस्ती झाली आणि शुद्धतेच्या शिक्क्याशेजारी करणाऱ्याची खूण असणं बंधनकारक झालं. त्यामुळे 'स्टर्लिंग' आहे पण नाव नाही, असा चार्म त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र नव्हे, कायदा न पाळणारे तेव्हाही होते. तुमच्या टेलिफोनवर ना शब्द, ना नाव.

विक्रेत्याला तिरक्या उजेडातला पाठीचा फोटो आणि ग्रॅममधलं वजन मागा, आणि डायल फिरते का ते विचारा. ठशाच्या टेलिफोनची डायल वेगळी बसवलेली असते, तिची भोकं आरपार असतात. ओतीव नकलेत भोकं म्हणजे नुसते खळगे. परदेशातून मागवताना १३५ पौंडांपर्यंतच्या वस्तूवर ब्रिटनचा व्हॅट विक्रीच्या वेळीच कापला जातो, तो धरून तुमची वरची मर्यादा आधीच ठरवा. डायल फिरत असेल आणि भाव आजच्या नव्या चार्मइतका असेल तर हौस म्हणून घ्या, १९५०चा म्हणून नको. फिरत नसेल तर सोडून द्या. टेलिफोन त्या काळात पुष्कळ निघाले होते, शब्द आणि नाव दोन्ही असलेला मिळेल.